‘फॉरमॅट मारा’ हा इलाज नव्हे

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

शाळेत कोडिंग शिकवावं की नाही, यावर आपल्या पत्रांच्या पानावर सध्या बरंच घमासान चाललंय. एका बाजूचं म्हणणं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आलेलंच आहे, मग मराठवाड्यातल्या पोरांनी मागं का राहायचं? दुसरी बाजू म्हणते, आधी शिक्षक द्या, वीज द्या, मग कोडिंगचं बघू. मला दोघांचंही पटतं. पण एक गोष्ट दोघांनीही सोडून दिलीय. मुलाला लूप कळतो, फंक्शन कळतं, वहीत प्रोग्राम बरोबर लिहिता येतो, आणि तरी संगणकावर तो चालत नाही. कारण ज्यात लिहायचं तो एडिटर, ज्यानं तपासायचं तो डीबगर आणि लिहिलेलं संगणकाच्या भाषेत उतरवणारा मधला कंपायलर, यांतलं कुणीतरी अडून बसलेलं असतं. आमच्याकडची पोरं प्रोग्रामिंगवर पाणी सोडतात ती या टप्प्यावर, आणि सोडताना स्वतःला ‘ढ’ म्हणून सोडतात.

मी उदगीरजवळच्या एका कॉलेजात संगणकाची लॅब सांभाळते, प्रॅक्टिकल घेते. जळकोट, देवणी, मुखेडकडून एसटीनं येणारी मुलं. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या कन्नड, कुणाच्या उर्दू. बहुतेकांच्या हाताला कीबोर्ड पहिल्यांदा लागतो तो आमच्याच लॅबमध्ये. तक्रार एकच: ‘मॅडम, चालंना गेलंय.’ काय चालेना विचारलं, तर ‘काय की, लालच लाल यायलंय.’

त्यावर सर्वमान्य इलाज म्हणजे ‘फॉरमॅट मारा’. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानापासून वरच्या वर्गातल्या दादांपर्यंत सगळे हेच सांगतात. विंडोज पुन्हा टाका, सॉफ्टवेअर पुन्हा टाका. कणगीत उंदीर शिरला म्हणून कणगीच पेटवण्यातला हा प्रकार. पैसे जातात, लिहिलेलं जातं, आणि बिघाड कशानं झाला होता ते कळायचं राहूनच जातं. आठवडाभरात तोच बिघाड कोऱ्या विंडोजवर पुन्हा हजर, कारण तो विंडोजमध्ये नव्हताच.

मग कुठं असतो? मी रोज बघते त्यातलं थोडं सांगते.

एक मुलगा पीककर्जावरच्या सरळव्याजाचा प्रोग्राम करत होता. व्याजाचा दर सातचा नऊ केला, उत्तर मात्र सातच्याच दराचं. त्यानं सूत्र पुन्हा लिहिलं, कंस बदलले, व्हेरिएबलचं नाव बदललं. आकडा हलेना. मी मागं उभी राहिले आणि म्हटलं, आता चालव, पण सावकाश. त्यानं एफ ५ दाबलं. मधोमध एक चौकट उगवली आणि मी वाचायच्या आत त्यानं बटण दाबून ती घालवलीसुद्धा. काय होतं ते? ‘ते रोजच येतंय, मॅडम.’

ते रोजच येणारं असं असतं: व्हीएस कोड हा आमचा एडिटर आधी प्रोग्राम कंपाइल करायला जातो, त्यात चूक निघाली तर चौकट टाकून कळवतो की हे काम फसलंय. त्या चौकटीत एक बटण ‘शो एरर्स’चं असतं आणि एक ‘डीबग एनीवे’चं. दुसरं दाबलं, की फोल्डरमध्ये आधीची जी ईएक्सई, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेली, फाइल पडलेली असते तीच चालते. म्हणजे पडद्यावर दिसतो आजचा प्रोग्राम आणि चालतो कालचा. या पोराचा एक अर्धविराम राहिला होता, तोही व्याजाच्या ओळीत नाही, खाली कुठंतरी. सूत्र पहिल्यापासून बरोबर होतं. त्यानं बरोबर असलेली ओळ तेवढी परत परत मोडली.

टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, हातानं जीसीसीची (सी भाषेच्या कंपायलरची) आज्ञा लिहून चालवणाऱ्यांचं दुखणं याहून साधं असतं. फाइल सेव्हच केलेली नसते. टॅबवर फाइलच्या नावाशेजारी फुलीच्या जागी भरीव ठिपका दिसत असेल, तर तुमचा बदल अजून डिस्कवर गेलेला नाही आणि कंपायलर डिस्कवरचं वाचतो. ऑटो-सेव्ह मुळात बंद असतं, ते फाइल मेन्यूतून चालू करावं लागतं. एवढी बारीक गोष्ट पुस्तकात का नसावी?

पुढचं दुखणं माझ्या मते सगळ्यात छळवादी. सीचा प्रोग्राम चालवायला मुलं ‘कोड रनर’ नावाचं एक्स्टेंशन (एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्राम) टाकतात, कारण त्यात कोपऱ्यात त्रिकोणी बटण येतं आणि एका दाबात काम होतं. प्रोग्रामात स्कॅनएफ, म्हणजे वापरणाऱ्याकडून आकडा मागून घेणारी आज्ञा, नसेल तोवर छान चालतं. स्कॅनएफ आला, की खालचं पॅनेल कोरंच राहतं. मुलगी तिथं आकडा टाइप करायला जाते, तर उत्तर येतं, ‘कॅनॉट एडिट इन रीड-ओन्ली एडिटर’. ते पॅनेल नुसतं दाखवायला असतं, त्यात काही लिहिता येत नाही. आणि ‘मुद्दल टाका’ ही प्रिंटएफनं छापायची ओळसुद्धा दिसत नाही, कारण आउटपुट थेट पडद्यावर न जाता मध्ये साठून राहतं. प्रोग्राम आकड्याची वाट बघत बसलाय, मुलगी प्रोग्रामची वाट बघत बसलीय. ती कंटाळून कोड बदलते, पुन्हा बटण दाबते, तर ‘कोड इज ऑलरेडी रनिंग’. टर्मिनलमधून त्याच नावानं कंपाइल करायला जाते, आणि आता नवीनच संदेश: ईएक्सई उघडता येत नाही, ‘परमिशन डिनाइड’. झालं, पोरगी ऑफिसात, लॅबचा पासवर्ड मागायला! खरी गोष्ट अशी की आधीचा प्रोग्राम अजून आत चालूच आहे, आणि चालू असलेल्या ईएक्सईवर विंडोज नवी फाइल लिहू देत नाही. कंट्रोल, ऑल्ट आणि एम दाबून तो थांबवायचा, नाहीतर टास्क मॅनेजरमधून बंद करायचा. आणि कायमचा उपाय म्हणजे सेटिंग्जमध्ये जाऊन कोड रनरला ‘रन इन टर्मिनल’ची खूण करायची. टर्मिनलमध्ये टाइप करता येतं. दोन मिनिटांचं काम, पण ते माहीत नसल्यानं कितीतरी प्रॅक्टिकलचे तास असेच जातात.

यात एडिटरला दोष द्यावा असं मला वाटत नाही. व्हीएस कोड २०१५ मध्ये आला तो मुळात एडिटर म्हणून. त्यात सीचा कंपायलर नसतोच, तो वेगळा टाकायचा आणि कुठं टाकलाय हे विंडोजच्या पाथमध्ये (प्रोग्राम कुठं कुठं शोधायचे त्या यादीत) लिहायचं. आमच्या मुलांची समजूत, व्हीएस कोड टाकला म्हणजे सी आली. ‘जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड’ असं आलं की ती व्हीएस कोड काढून पुन्हा टाकतात, आमच्याकडच्या नेटवर, डाउनलोडला तास तास लावून. पाथ बदलल्यावरसुद्धा तोच संदेश येतो तेव्हा तर धीरच सुटतो. पाथची नोंद प्रोग्राम सुरू होताना एकदाच उचलतो, म्हणून व्हीएस कोड पूर्ण बंद करून परत उघडावा लागतो, नुसतं टर्मिनल नवं उघडून भागेलच असं नाही.

आता टर्बो सी. कितीतरी ठिकाणी अजून निळा पडदाच आहे आणि त्याची टिंगल करायची फॅशन आहे. मी टिंगल करणार नाही. बोरलँडचा हा जुना डॉसवरचा एडिटर, पण त्यात एफ ७ नं एक एक ओळ चालवत जायची, कंट्रोल एफ ७ नं एखाद्या व्हेरिएबलवर नजर ठेवायची सोय तेव्हापासून आहे. आपण ती कधी शिकवली नाही, हा टर्बो सीचा दोष नव्हे. दोष दुसरीकडं आहे. तो १६ बिटांच्या जमान्यातला, ६४ बिटांच्या विंडोजवर तो थेट चालत नाही, म्हणून डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये चालवतात. टर्बो सीमध्ये प्रोग्राम चालवायची कळ आहे कंट्रोल एफ ९. आणि डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ ९ म्हणजे डॉसबॉक्सच तत्काळ बंद! काही तयार पॅकेजांत ही कळ बदललेली असते, काहींत नसते. जिथं नसते तिथं पोरगं तासभर टाइप करतं, पुस्तकात दिलेली कळ दाबतं, आणि निळा पडदा मिटून विंडोजचं वॉलपेपर समोर येतं. सेव्ह केलेलं नसतंच. त्या पोराला तुम्ही काय सांगाल?

शिवाय उत्तरं वेगळी येतात. आठचं फॅक्टोरियल, म्हणजे एक ते आठचा गुणाकार, ४०,३२०. टर्बो सीत ‘इंट’, म्हणजे पूर्णांक ठेवायचा कप्पा, दोन बाइटांचा, त्यात ३२,७६७ च्या वर जागा नाही, म्हणून उत्तर येतं उणे २५,२१६. तोच प्रोग्राम जीसीसीवर बरोबर चालतो. मुलं म्हणतात, टर्बो सी खराब आहे. मग मी त्यांना जीसीसीवर तेराचं फॅक्टोरियल काढायला लावते. येतं १,९३,२०,५३,५०४. धन आकडा, चांगला भरभक्कम, कुणालाच शंका येत नाही. खरं उत्तर ६,२२,७०,२०,८०० आहे. उणे आकडा निदान ओरडून सांगतो की काहीतरी बिनसलंय, हा गप्प बसून फसवतो. इथं एफ ७ किंवा एफ १० नं पायरी पायरीनं जाऊन बारापाशी थांबायचं आणि आकडा वहीत करून बघायचा. डीबगर शिकवायला याहून चांगला धडा मला सापडलेला नाही.

मराठीचं दुखणं जरा सविस्तर लिहिते, कारण ते फक्त आपलं आहे आणि इंग्रजी पुस्तकात त्याचं उत्तर सहसा नसतं. मी मुलांना पायथनमध्ये तालुक्यांच्या नावांची फाइल वाचायला देते. नावं देवनागरीत. एका मुलीनं लिहिलं उदगीर, जळकोट, देवणी. तिचा प्रोग्राम चालला, पण पडद्यावर नावांऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड कचरा. शेजारच्या मुलानं तीच नावं लिहिली, वर आपलं मुखेड घातलं. त्याचा प्रोग्राम एक अक्षर न छापता कोसळला: ‘चारमॅप कोडेक’ला एक बाइट वाचता येत नाही, अमुक पोझिशनला. दोघांचा कोड हुबेहूब सारखा. वर्गात लगेच निकाल लागला की त्याच्या संगणकात व्हायरस आहे, फॉरमॅट मारा.

झालं होतं असं. फाइल यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह झालेली. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथनला काही न सांगता फाइल उघडायला लावली, तर आपल्याकडच्या बहुतेक विंडोजवर तो ती १२५२ क्रमांकाच्या जुन्या पाश्चात्त्य कोडपेजनं वाचतो, एकेक बाइट म्हणजे एकेक अक्षर धरून. उदगीर, जळकोट, देवणी यांतल्या प्रत्येक बाइटला त्या कोडपेजात काही ना काही अक्षर आहे, म्हणून ते वाचलं गेलं, चुकीचं का होईना. ‘मुखेड’मधल्या ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट सोळाच्या पायात ८१ आहे आणि त्या कोडपेजात ८१ ची जागा रिकामी आहे. पाय मोडायच्या चिन्हाचंही तेच, त्याचा तिसरा बाइट ८डी, तीही जागा रिकामी. म्हणजे लातूर, निलंगा, चाकूर, औसा, रेणापूर लिहिलंत तर कचरा दिसेल, आणि मुखेड, मुक्रमाबाद लिहिलंत तर प्रोग्राम कोसळेल. उपाय म्हणजे फाइल उघडायच्या ‘ओपन’ आज्ञेच्या कंसात encoding="utf-8" एवढं लिहायचं. गंमत म्हणजे कोसळलेला प्रोग्राम बिघाडाची जागा सांगत होता, कचरा छापणारा काहीच सांगत नव्हता. मुलगी मात्र खुशीत होती, तिचं ‘चाललं’ होतं.

मराठी कीबोर्डचंही एक सांगते. इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करून झाल्यावर परत इंग्रजीवर यायचं राहिलं, तर अर्धविरामाच्या कळेवर ‘च’ उमटतो. ओळीच्या शेवटी आलेला तो ‘च’ दिसतो तरी. वर्डमध्ये टाइप केलेल्या नोट्समधून उचललेली वळणदार अवतरणचिन्हं डोळ्याला जवळजवळ वेगळी दिसतच नाहीत, आणि कंपायलर ‘स्ट्रे ३४२’ असं काहीतरी बडबडतो. ते अवतरण हातानं खोडून कीबोर्डवरून पुन्हा टाकायचं, संपलं. फोल्डरचं नाव मात्र मी मुलांना रोमन लिपीत आणि जागा न सोडता ठेवायला सांगते. विंडोजवरचा जीडीबी हा डीबगर देवनागरी नावाच्या फोल्डरपाशी ठेचकाळतो, फाइल सापडत नाही म्हणतो. मराठीच्या शिक्षिकेनं यावरून मला एकदा चांगलं सुनावलं होतं. त्यांचं खरं आहे, हे दुखणं अवजाराचं आहे, भाषेचं नाही. पण प्रॅक्टिकल परीक्षेत एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेला परीक्षक, समोर बसलेला असताना हा वाद घालण्यात अर्थ नसतो.

आता डीबगर, कारण त्याला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात. ओळीच्या डाव्या बाजूला क्लिक केलं की लाल ठिपका पडतो, प्रोग्राम तिथं थांबायला हवा. थांबत नाही. लाल ठिपक्याच्या जागी पोकळ करडं वर्तुळ दिसायला लागतं. हे वर्तुळ म्हणजे डीबगरचा निरोप आहे: तू दाखवतोयस ती ओळ मला चालू प्रोग्रामात सापडत नाही. एकतर कंपाइल करताना ‘हायफन जी’ दिलेलं नसतं, त्यामुळं ओळींच्या क्रमांकांची माहिती ईएक्सईत जातच नाही. नाहीतर वर सांगितलेली कालची ईएक्सई चाललेली असते. किंवा चालू आहे ती दुसरीच फाइल. लॅपटॉपवर तर कळाच फितूर असतात. एफ १० दाबून पुढच्या ओळीवर जायचं, तर आवाज नाहीतर पडद्याचा उजेड कमीजास्त होतो, कारण वरच्या रांगेचा पहिला मान कंपनीनं आवाज-उजेडाला दिलेला असतो. पुष्कळ लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की तो मान परत मिळतो. एफ १० च्या जागी चुकून एफ ११ दाबलं, की डीबगर फंक्शनच्या पोटात शिरतो, कधी कधी आपण न लिहिलेल्या फाइलीत. मुलं तिथं घाबरून सगळंच बंद करतात. शिफ्ट धरून एफ ११ दाबलं की बाहेर येता येतं.

सहकारी म्हणतात, आता एवढं कशाला, एआयला विचारलं की सांगतंय. सांगतं, खरंय. पण त्याला तुम्ही जे दाखवाल तेवढंच दिसतं. व्याजाच्या प्रोग्रामवाल्या पोरानं नुसती सूत्राची ओळ तिथं चिकटवली असती, तर एआयही व्याजाच्या सूत्रात सुधारणा सुचवत बसलं असतं. मधली चौकट कुणी घालवली ते त्याला कुठून कळणार? संदेश न वाचता घालवायची सवय जिथं आहे, तिथं नवं अवजार आलं तरी सवय तीच राहते.

आणि संदेश वाचायचाही एक रिवाज आहे. मुलं मला व्हॉट्सॲपवर पडद्याचा फोटो पाठवतात, तिरका, अर्धा, ट्यूबलाइट चमकणारा, आणि त्यात नेमकी शेवटची ओळ. सीच्या बाबतीत ती बिनकामाची. सीमध्ये पहिली चूक बघायची, कारण एक कंस राहिला की त्याच्या पोटी खालच्या ढीगभर चुका जन्म घेतात, आणि पहिली दुरुस्त केली की बाकीच्या बऱ्याच आपोआप जातात. पायथनचं उलटं, तिथं खरं कारण सगळ्यात शेवटच्या ओळीत असतं आणि वरचा सगळा पसारा म्हणजे तिथवर कसं पोचलो त्याचा माग. हे एवढं भिंतीवर लिहून लावल्यापासून माझे संध्याकाळचे फोन कमी झालेत. फोटोऐवजी मजकूर कॉपी करून पाठवा, हे सांगून मात्र थकले.

विजेबद्दल नवीन काय लिहायचं? लाइट जाते. फक्त एवढं सांगते की व्हीएस कोडमध्ये २०२२ पासून लोकल हिस्टरी आहे. डावीकडच्या एक्सप्लोररमध्ये तळाशी टाइमलाइन उघडली, की त्या फाइलच्या आधी सेव्ह केलेल्या आवृत्त्या दिसतात. लाइट जाऊन फाइल बिघडली, तर फॉरमॅटआधी तिथं बघा.

माझं मागणं फार मोठं नाही. आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उद्देश असतो, अल्गोरिदम असतो, प्रोग्राम असतो, आउटपुट असतो. सगळं कसं स्वच्छ, पहिल्या फटक्यात बरोबर आल्यासारखं. कुठल्याच जर्नलमध्ये ‘काय चूक आली आणि ती कशामुळं होती’ याला एक ओळसुद्धा नसते. त्यामुळं मुलं चुका लपवायला शिकतात. वरच्या वर्गाचं जर्नल समोर ठेवून उतरवून काढतात, आउटपुटसकट, आणि एक्स्टर्नल सही करतात. विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांवरची मंडळी आपलं वृत्तपत्र वाचत असतील, तर त्यांनी हा एक रकाना जर्नलमध्ये घालावा आणि त्याला गुण ठेवावेत. तोंडी परीक्षेत ‘पॉइंटर म्हणजे काय’ विचारण्याऐवजी मोडका प्रोग्राम समोर ठेवावा आणि म्हणावं, यात कुठं थांबशील, का थांबशील. पाठांतर करणारा तिथं गप्प होईल आणि लॅबमध्ये घाम गाळलेली मुलगी बोलेल.

लातूर पॅटर्ननं प्रवेश परीक्षांची तयारी कशी करायची ते सगळ्या महाराष्ट्राला दाखवलं. हुशारीची वानवा या भागात कधी नव्हती. पुण्याला पोचलेली आमची मुलं फोन करतात तेव्हा सांगतात, तिथं नोकरीत दिवसाचा मोठा भाग दुसऱ्याच्या कोडमधला बिघाड शोधण्यातच जातो, नवीन लिहिणं त्यामानानं थोडं. ज्या कामाचा पगार मिळणार, त्याचा सराव आम्ही इथं एक तासही देत नाही.

आपल्याकडूनही एक अपेक्षा. शैक्षणिक पुरवणीत प्रवेशाच्या जाहिरातींच्या शेजारी बोटभर जागा काढावी आणि दर आठवड्याला एक संदेश, त्याचा मराठीत अर्थ आणि उपाय छापावा. मजकूर आम्ही लॅबवाले पुरवू, मानधन नको.

आपली,
एक लॅब शिक्षिका
उदगीर, जि. लातूर

ता. क. – व्हीएस कोडमध्ये टॅबची कळ दाबल्यावर जागा सुटायची बंद होऊन कर्सर भलतीकडंच उडायला लागला, तर कीबोर्ड बदलायला दुकानात जाऊ नका. चुकून कंट्रोल एम दाबलं गेलेलं असतं. खालच्या पट्टीत ‘टॅब मूव्ह्ज फोकस’ असं लिहिलेलं दिसेल. पुन्हा एकदा कंट्रोल एम दाबा.